पान बंद पाडायला आणलेली गर्दी

आमच्या संघटनेचं पत्रक निघायचं म्हणजे आधी घरात भांडण. मजकुरावरून नाही. मजकूर मी लिहायची, आणि उद्गारचिन्हं किती टाकायची हे कोणाला विचारायची नाही. भांडण व्हायचं पत्रकं चिकटवायच्या खळीवरून. आई म्हणायची, गव्हाचं पीठ माणसाला खायला असतं, भिंतीला चारायला नसतं. मी पिठाचा डबा घेऊन मागच्या दारानं निघायची.

वडशाच्या बाजारात आमचा ठरलेला छापखाना होता. तिथला मालक मजकूर वाचायचाच नाही. आधी बोट ठेवायचा खालच्या ओळीवर, मुद्रक कोण, प्रकाशक कोण. "वरतं सरकारले काय शिव्या द्याच्या त्या दे बाई," म्हणायचा, "पन खालची ओळ सोडू नोको. उद्या कोनी तणतणत आला तं त्यानं गचांडी कोनाची धराची?" मग गठ्ठे बांधायचे, एसटीच्या कंडक्टरच्या हातापाया पडायचं, आणि एवढं करून ते पत्रक कुरखेड्याच्या पानठेल्यावर पोचायचं. पानठेलेवाला त्यात तंबाखू-सुपारीचा खर्रा बांधून द्यायचा.

म्हणून ती साइट पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला हेवा वाटला. खोटं कशाला बोलू. नाव घेत नाही तिचं, तिची फुकट जाहिरात आमच्या हातून आधीच पुष्कळ झाली आहे. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका मुसलमान कुटुंबाचं दुकान होतं. आधी ते एसटीडी-पीसीओ होतं, मग तिथे झेरॉक्स आलं, मग प्लायवूडचे खोके ठोकून आत कम्प्युटर बसले. मालकाला आम्ही सगळे चाचा म्हणायचो. चाचांनीच दाखवलं. कोणीही यावं, आपलं नाव आणि फोटो टाकून पान उघडावं, ओळखीच्या माणसांना जोडत जावं, एकमेकांच्या पानावर लिहावं. खळ नाही, कागद नाही, कंडक्टर नाही. मी सवयीनं पानाच्या तळाशी गेले, खालची ओळ शोधायला. मुद्रक, प्रकाशक, गाव, गल्ली, काहीतरी. काहीच नव्हतं. मी खुर्ची मागे सारली आणि ती गोष्ट विसरून गेले, कारण तेव्हा वसतिगृहाच्या जेवणावरून आमचं उपोषण चालू होतं आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं.

आठवण झाली ती आमच्या मागच्या खोलीतल्या भाडेकरणीमुळे.

ती नाटकात काम करायची. वडशात हिवाळ्याची नाटकं म्हणजे काय ते आमच्याकडच्यांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगते. भाताची कापणी आटोपली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटक होतं, आणि ती नाटकं करणाऱ्या मंडळांची दुकानं वडशात असतात. शटरवर बोर्ड, आत टेबल, भिंतीवर पोस्टरं. गावचे आयोजक येतात, हिरोईन कोण ते विचारतात, तारीख घेऊन जातात. ती अशाच एका मंडळाची हिरोईन होती. कुरखेड्याकडच्या एका लहान गावची. तालमीच्या दिवसांत आमच्या मागच्या खोलीत राहायची आणि दुपारची भाकर आमच्याच चुलीपाशी खायची. माझी पत्रकं ती मोठ्यानं, संवाद म्हटल्यासारखी वाचायची आणि मध्येच थांबून म्हणायची, "तुह्या पत्रकात श्वास घ्याले जागाच नाई वो. मानूस मरून जाईन ना वाचता वाचता."

त्या वर्षी पोळ्यानंतर तालमी सुरू झाल्या आणि तिला फोन यायला लागले. अनोळखी माणसं. कोणी चंद्रपूरचा, कोणी आणखी कुठला. तिचं नाव घेऊन, लाडात येऊन बोलायचे. एकानं तर म्हटलं, "काल तं तूच लिवलं होतं, फोन कर म्हनून." ती माझ्याकडे आली. हातातला मोबाइल तिनं असा धरला होता, जसं काही त्यावर पाल बसली आहे.

"तू जाते ना त्या कम्प्युटरच्या दुकानात? पाय बरं, माह्या नावानं काय आहे."

पाहिलं. तिच्या नावाचं पान होतं. फोटो तिचाच, मागच्या हंगामात स्टेजसमोरून कोणीतरी मोबाइलवर काढलेला. नंबर तिचाच. आणि तिच्या नावानं कोणी हरामखोर बसून जे लिहीत होता ते मी इथे उतरवणार नाही. पत्रकात मी बरंच लिहिलं आहे, पण ते नाही.

चाचांनी शेजारच्या खोक्यातल्या गिऱ्हाइकाला उठवून बाहेर घालवलं. ती पडद्याकडे पाहत राहिली. मग तिनं विचारलं, "हे कोनी कोनी पायलं असन?"

"ज्यानं उघडलं त्यानं," मी म्हटलं.

"म्हंजे कोनीबी."

"हो."

तिचा मोठा भाऊ गावाजवळच्या राइस मिलमध्ये हमाल होता. आईबाप नव्हते. त्याच्या शब्दावर ती स्टेजवर उभी होती, आणि त्यानं तो शब्द स्वतःच्या बायकोशी आणि सगळ्या गोतावळ्याशी भांडून दिला होता. तो दोन दिवसांनी वडशात आला. मी तयारीत होते. बाईच्या कामावर बंदी घालणाऱ्या भावावर एक भाषण माझ्याकडे कायम तयार असतं. पण तो ओरडलाच नाही. आमच्या ओट्यावर बसला, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"मले नाटकाचा राग नाई," तो म्हणाला. "मिलमंदी पोट्टे माह्यासमोर तुह्यं नाव घेऊन हासून राह्यले. पाठीवर पोतं असते. काय करू मी? पोतं टाकू का मारू?"

तिनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला.

"भाऊबीजेले येतो. तवरिक ते गेलं तं ठीक. नाई तं ओवाळ आन् पेटी भर."

भाऊबीज झाली की हंगाम सुरू होतो. म्हणजे पान गेलं तर ती त्या हिवाळ्यात नाटकात. नाही गेलं तर गावी, चुलीपुढे, आणि मग कोणाच्या तरी घरी. मधली वाट नव्हती. त्यानं ते रागानं सांगितलं असतं तर मला भांडता आलं असतं. तो रडवेला झाला होता, म्हणून माझी पंचाईत झाली.

मी दुसऱ्या दिवशी चाचांच्या दुकानात ठाण मांडलं. पानावर एका कोपऱ्यात तक्रारीचं बटण होतं. ते दाबायला आधी आपलं खातं उघडावं लागायचं. म्हणजे चोरी झाली म्हणून सांगायला गेलं तर आधी चोराच्याच वाड्यात राहायला या! मी खातं उघडलं. आवडता रंग कोणता, आवडता सिनेमा कोणता, लग्न झालं का. शेवटच्या प्रश्नापुढे मी "तुम्हाला काय करायचं" असं लिहायला गेले, पण तिथे लिहायची सोयच नव्हती, नुसती टिचकी मारायची होती. बटण दाबलं. आभाराचा निरोप आला. काही झालं नाही.

मग मी माझ्या पद्धतीनं गेले. निवेदन. प्रति, माननीय... आणि इथे अडले. प्रति कोण? व्यवस्थापक? संपादक? मालक? चाचांनी सगळीकडे शोधलं. फोन नंबर नाही, वडशात एजंट नाही, चंद्रपुरात ऑफिस नाही, नागपुरात नाही. मराठी टाइप होत नव्हतं म्हणून मी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं, "तीव्र आंदोलन छेडण्यात येईल" सकट, आणि शेवटी सवयीनं लिहिलं, प्रत माहितीस्तव तहसीलदार. चाचा हसून हसून खोकायला लागले. "अरे बेटी, तहसीलदार क्या करेगा? उसका खुद का खाता है इसमें."

ठाण्यात जाऊ म्हटलं तर ती तयार नव्हती. "ठान्यात गेली का उद्या पेपरात येते. आता अर्ध्यायनं पायलं, मंग सारेच पायतीन."

त्या आठवड्यात मला झोप लागत नव्हती, बसवत नव्हतं, जेवताना मी उठून चालायला लागायची. आई म्हणाली, हिच्या पायाला कोणी भिंगरी बांधली. मला राग येत होता तो नेमका कोणाचा हेच ठरत नव्हतं, आणि त्याचाच जास्त राग येत होता. रेशनवाला असता, त्याच्या दुकानासमोर बसले असते. ठेकेदार असता, त्याची जीप अडवली असती. आमच्या संघटनेला घेराव घालता येतो, रस्ता रोखता येतो, टाळं ठोकता येतं. पण त्यासाठी समोर काहीतरी दार लागतं ना!

संघटनेची बैठक आमच्याच ओसरीवर झाली. ती भिंतीला टेकून बसली होती. आमच्यातला एक जण नागपूरला शिकायला होता, तो म्हणाला की एकट्यादुकट्याच्या तक्रारीला ती साइट विचारत नाही; खूप लोकांनी तक्रार केली की मग हलते. हे ऐकलं आणि सगळ्यांचे चेहरे उजळले. खूप लोक? लोक आणणं हे तर आमचं काम. मी तिच्याकडे पाहिलं. "चालेल?" ती म्हणाली, "लोकं माह्या बाजूचे असतीन तं चालन."

आणि आम्ही लोक आणले. बाजाराचा दिवस धरला. तिच्या मंडळाचे पेटीमास्तर, तबलेवाला, पडदे ओढणारे, आमच्या गल्लीतल्या बाया, कॉलेजची मुलं, भाजी विकायला आलेली माणसं, काळीपिवळीतून उतरलेली तिच्या गावाकडची माणसं. चाचांच्या दुकानापासून चहाच्या टपरीच्याही पुढे रांग गेली. वडशात अशी रांग फक्त रॉकेलला लागायची. मी बाहेर रांग सांभाळत होते आणि लोकांना समजावत होते की आत काय करायचं. आत आमचे दोघे-तिघे एकेकाचं खातं उघडून देत होते. चाचा दारात हात पसरून उभे.

"ये दुकान है, मोर्चा नाई! नारे मत दो बाबा, अंदर लोग इम्तिहान का रिजल्ट देख रहे!"

आमच्या गल्लीतल्या मावशी आत बसल्या होत्या. त्यांचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. "आवडता खेळ काय म्हंते? लिव, नाटक. खेळच ना तो." पेटीमास्तरांनी छंद या रकान्यात पेटी सांगितलं आणि व्यवसाय या रकान्यातही पेटी सांगितलं. आमचा एक जण भांडला, की दोन्हीकडे एकच कसं? मास्तर म्हणाले, "बाबू, माह्यं तं एकच हाये. तुह्यं येगयेगळं असन तं तुले मुबारक."

दिवसभर मजा आली. खरंच आली. संध्याकाळी रांग संपली तेव्हा माझा घसा बसला होता आणि मला वाटत होतं की आपण जिंकलो. ती चाचांच्या घरात, त्यांच्या बायकोजवळ बसली होती. मी तिला हाक मारायला गेले तेवढ्यात आतून आमच्या संघटनेच्या पोरानं मला बोलावलं. त्याचा आवाज बरा नव्हता.

झालं होतं ते असं. खातं उघडून तक्रार केली की साइट लगेच माणसं दाखवायची आणि विचारायची, यांना ओळखता का? आणि सगळ्यात आधी दाखवायची तिचं ते खोटं पान, कारण समोरच्यानं नुकतंच तेच तर उघडून पाहिलेलं असायचं. आमची पोरं इंग्रजी वाचून मराठीत विचारायची, "ओळखता का म्हणते." आता आमच्या भागात नाटकातल्या हिरोईनला ओळखत नाही असं कोण म्हणेल? त्यात ती गल्लीतली. मावशी म्हणाल्या होत्या, "म्हंजे काय! माह्या घरी वांग्याची भाजी खाऊन गेली ते. दाब, हाव म्हन." मास्तर म्हणाले होते, लेकीसारखी आहे. तिच्या गावच्या माणसांनी तर छातीवर हात मारून सांगितलं होतं. ओळख नाकारणं म्हणजे आमच्याकडे तोंडावर दार लावणं. एकूण एक माणसानं आधी तक्रारीचं बटण दाबलं आणि मग, हो, ओळखतो, असंही दाबलं. आणि तिकडे बसलेला तो हरामखोर एकेकाला होकार देत गेला.

सकाळी त्या पानावर परगावचे काही टवाळ तेवढे जोडलेले होते. संध्याकाळी तिचा सगळा गोतावळा होता. गाव, गल्ली, मंडळ. आता ते पान कोणाही परक्याला खोटं वाटलंच नसतं. आम्ही त्याला माणसांची साक्ष मिळवून दिली होती, तीही काळीपिवळीचं भाडं आमच्या खिशातून भरून.

काही दिवसांनी उत्तर आलं, सगळ्यांना एकच. तक्रारीबद्दल आभार, आम्ही पाहणी केली, या पानात नियमाबाहेरचं काही आढळलं नाही. कसली पाहणी? कोण आलं होतं पाहायला? माझी आजही खात्री आहे की माणूस म्हणून कोणी ते पान उघडलंच नाही. यंत्रानं मोजलं असेल की हिला एवढी माणसं ओळखतात म्हणजे ही खरी. आणि त्याच आठवड्यात चाचांच्या दुकानातून नवीन खातं उघडणं बंद पडलं. या ठिकाणाहून संशयास्पद हालचाल, असा निरोप. त्या अख्ख्या प्रकरणात साइटला संशय आला तो आमचा.

मी चाचांना विचारलं, चालवतं कोण हे? किती माणसं असतील? चाचांनी कुठल्याशा पेपरात वाचलं होतं, खरं-खोटं तो पेपर जाणे. म्हणाले, "सारी कंपनी के लोग एक शादी के पंगत में बैठ जाएंगे. और पंगत भी छोटी."

पंगतभर माणसं! आणि सगळ्या दुनियेची गर्दी त्यांच्या दारात! मला आधी वाटायचं की यात काहीतरी फार मोठी हुशारी असणार. आता ते गणित मला माझ्या हातानं कळलं होतं. त्यांना माणसं कशाला लागतील? माणसं आणायला आम्ही होतो. लिहायला आम्ही, फोटो द्यायला आम्ही, कोण कोणाला ओळखतो ते सांगायला आम्ही, आणि घाण झाली तर झाडू मारायला, म्हणजे ते तक्रारीचं बटण दाबायलाही, आम्हीच. राग आला तरी त्यांच्याच दारातून आत जाऊन रागवायचं. प्रेमानं गेलं काय आणि भांडायला गेलं काय, गर्दी त्यांचीच वाढते. एक नाटक उभं करायला मंडप लागतो, जनरेटर लागतो, परवाना लागतो, आणि काही उणं-अधिक झालं तर आयोजकाच्या घरावर लोक जातात. इथे मंडपही प्रेक्षकांनीच आणायचा.

आमच्याकडे उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा ठेकेदार येतो. जंगल त्याचं नसतं, पानं त्याची नसतात, पहाटे उठून ती तोडणारे हात आमच्या बायांचे असतात. त्याची असते ती फक्त गावाबाहेरची मोकळी जागा, तिला आम्ही फळी म्हणतो, जिथे सगळ्यांनी आपापले पुडे आणून मांडायचे. त्याच्यावर मी कमी पत्रकं काढली नाहीत. पण त्या ठेकेदाराला एक तरी मानावं लागेल. फळीवर तो मुन्शी बसवतो. हिशोबाला कमी, शिव्या खायला जास्त. बाया त्याला तोंडावर बोलतात, तो ऐकून घेतो, कधी वरपर्यंत पोचवतो. या लोकांनी तेवढाही खर्च केला नाही. आमच्या शिव्यांसाठीसुद्धा माणूस ठेवला नाही.

हे सगळं मी पत्रकात लिहिलं. रागानं, एका बैठकीत. शीर्षकात तिचं नाव घातलं, तिच्या बाजूनं. खोट्या पानाचा धिक्कार असो. छापायच्या आधी तिला वाचून दाखवलं. ती नेहमीसारखी मोठ्यानं वाचेल असं वाटलं होतं. तिनं कागद हातात घेतला, घडी केली, आणखी एक घडी केली.

"किती गावात वाटशीन?"

"जेवढ्या होतील तेवढ्या."

"ज्यायले मालूम नाई, त्यायलेच सांगाले चालली का तू?"

मी म्हटलं, गप्प बसलं की अशा लोकांचं फावतं. हे वाक्य मी शेकडो वेळा बोलले आहे आणि ते खरं आहे. ती म्हणाली, "फावू दे. मले तुह्या लढाईत नोको घालू, मले स्टेजवर जाचं आहे." मी चिडले. ती भांडी घासायला उठून गेली. त्या घडीतला कागद तिनं चुलीत टाकला नाही, फाडला नाही, परत माझ्या हातात दिला. ते मला जास्त लागलं.

इकडे वेगळंच सुरू झालं. मंडळाच्या दुकानात आयोजक येत होते आणि तिचं नाव घेऊन विचारत होते. "ते कम्प्युटरवाली हिरोईन तुमच्याच मंडळात ना?" मालक खूश. ते वाईट माणूस नव्हते, पोरींची काळजी घ्यायचे, पण धंदेवाईक होते. मला म्हणाले, "तू काऊन येवढी तडफडून राह्यली? फुकटचं पोस्टर आहे. राहू दे."

"तिच्या नावानं काय लिहिलंय ते वाचलं का तुम्ही?"

"म्या कशाले वाचू? लोकं नाव वाचते आन् तारीख घेते."

ती तिथेच होती, कपड्यांच्या पेटीवर बसून घुंगरांचा पट्टा शिवत. ती मालकांना म्हणाली, "भाऊ, हँडबिल छापाले गेलं का?"

"उद्या जाईन."

"मंग माह्यं नाव काढा त्यातून. दुसरं टाका."

मालक हसले. मग त्यांना कळलं की ती हसत नाही. ते खवळले. सात वर्षं लोकांच्या तोंडात बसलेलं नाव, ते काढायचं? नवीन नावाच्या पोरीला हिरोईन म्हणून कोण घेणार? ती म्हणाली, हिरोईन नका टाकू. खाली टाका. बहिणीचं काम द्या, मोलकरणीचं द्या. "ते नाव राहू द्या त्यायच्यापाशी. आता ते तसंबी त्यायचंच झालं. मिलमंदी हासाचं तं त्या नावाले हासतीन. मी त्यातून निंगतो."

मी उसळले. म्हटलं, हे म्हणजे घर सोडून देणं झालं, गुंडानं पायरीवर बसायचं आणि आपण घर सोडायचं! ती म्हणाली, "मंग तू काढ त्याले बाहेर. काढलं का?"

छापखान्यात हँडबिलाचं प्रूफ आणायला मीच गेले. खलनायकाचं नाव झालं, विनोदी पार्टीचं झालं, गाणाऱ्याचं झालं, आणि सगळ्यात खाली, बारीक टायपात, ते नवीन नाव. फोटो नाही. छापखानेवाल्यानं विचारलं, ही कोण? मी म्हटलं, आहे एक.

भाऊबीजेच्या सकाळी भाऊ सरळ मंडळाच्या दुकानात आला. पहिला प्रयोग मुलचेऱ्याच्या बाजूला होता, गाडी दुपारी निघणार होती, पडदे आणि पेट्या टपावर चढत होत्या. तिनं दुकानातच पाट मांडून त्याला ओवाळलं. तबकात निरांजन, सुपारी, आणि एक हँडबिल. मी दाराशी उभी होते.

"गेलं का ते?" त्यानं विचारलं.

"नाई गेलं. मी गेली त्यातून." तिनं हँडबिलाच्या तळाशी बोट ठेवलं. "हे मी."

तो सावकाश वाचत होता. अक्षर अक्षर. वरून खाली आला आणि थांबला. "येवढ्या खाली?"

"हाव."

"आन् घरी?"

"घरी तं तेच ना जुनं, बाबानं ठेवलेलं."

एवढ्यात एक म्हातारे आयोजक आत आले. पांढरं धोतर, काखेत छत्री. टेबलाशी टेकले आणि मालकांना तिचं जुनं नाव सांगून म्हणाले, आमच्या शंकरपटाच्या, बैलांच्या शर्यतीच्या, दिवशी हीच पाहिजे, गावच्या पोरांनी हट्ट धरला आहे, नाही तर दुसऱ्या मंडळाकडे जातो. मालकांनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि पेनाचं टोपण काढून परत बसवलं. तोंडाशी आलेली तारीख होती ती.

ती उठली. निरांजन बाजूला ठेवलं, कपाळावरचा पदर नीट केला. म्हाताऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं. घरच्या लुगड्यातली, बिनरंगाची बाई. ओळखलं नाही.

"ते सोडून गेली, बाबाजी," ती म्हणाली.

"सोडून? कुठी गेली?"

"काय मालूम. फोनबी बंद आहे तिचा."

"आन् तुमी?"

तिनं नवीन नाव सांगितलं. ते तिच्याच तोंडात अजून बसलं नव्हतं, मध्ये अडखळली. म्हाताऱ्यांनी कानामागे हात धरून परत विचारलं. तिनं परत सांगितलं, या वेळी स्टेजवरच्या आवाजात, सगळं दुकान भरेल असं. "नवीन आहा वाटते," ते म्हणाले. "बोल्ता बराबर." पण तारीख घेतली नाही. दुसऱ्या मंडळाच्या शटरकडे निघून गेले. मालक टेबलावर थापा मारत राहिले.

मला त्या म्हाताऱ्यांच्या मागे धावायचं होतं. सगळं सांगायचं होतं, ती हीच, तुमच्यासमोर होती, आणि तुमच्या पोरांना जी हवी आहे ती कोणीच नाही. मी एक पाय बाहेर टाकलाही. तिनं नुसती मान हलवली. मी थांबले. तोंडात आलेलं सगळं तसंच धरून उभी राहिले, आणि ते अजून कुठे ठेवायचं ते मला समजलेलं नाही. ते पान आजही आहे. तिच्या नावाचं, फोटोसकट. मावशी, मास्तर, सगळे अजून त्याला जोडलेले आहेत. काढणारं कोणी नाही.

भाऊ जागचा हलला नव्हता. मग त्यानं टोपी घातली, वाकून तिची कपड्यांची पेटी खांद्यावर घेतली. हमालाचा खांदा, सहज घेतली. बाहेर गाडीवाला ओरडत होता, की कोणाची राहिली, लवकर करा.

"कोनाची सांगू?" भावानं तिला विचारलं.

तिनं नवीन नाव सांगितलं. त्यानं ते गाडीवाल्याला ओरडून सांगितलं आणि पेटी टपावर चढवली.